यायच्या वेळचा अंधार

घरातले सगळे दिवे लागलेले होते. हॉलमधला, स्वयंपाकघरातला, दोन्ही खोल्यांतले, न्हाणीघरातला, आणि बोळातला तो पिवळा दिवाही, ज्याचा उपयोग आजवर फक्त झुरळांना झाला होता. माझ्या नवऱ्याचं दफन करून आलो त्या संध्याकाळी सासऱ्यांनी ते एकेक करून लावले. त्यानंतर भरदुपारीसुद्धा त्यांनी कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. मी एकदा सवयीने न्हाणीघरातला दिवा घालवून बाहेर आले, तर ते माझ्यामागून गेले आणि लावून आले. रागावले नाहीत. "राहू दे," म्हणाले.

मी राहू दिला. त्या दिवसांत मी सगळंच राहू देत होते.

सासरे चर्चचे निवृत्त पाळक. मंडळीतले लोक त्यांना अजून पाळकबाबा म्हणत, आम्ही घरात नुसतं बाबा. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. पाहुणे आले की बाबा सांगायचे, "मी आयुष्यभर लोकांना वर न्यायच्या गोष्टी केल्या, हा खरोखर नेतो." त्यावर नवरा म्हणायचा, "पण बाबांनी वर नेलेल्यांची तक्रार येत नाही." दोघं हे इतक्यांदा बोलले होते की पहिलं वाक्य सुरू झालं की मी चहा ठेवायला उठायचे.

तो संध्याकाळी गेला, हॉलमधल्या खुर्चीत. हृदय बंद पडलं. मी कामावरून आले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं, हॉलमध्ये अंधार होता, आणि तो खुर्चीत होता. बाबा आतल्या खोलीत झोपले होते. डॉक्टर म्हणाले, झटक्यात गेला, त्याला कळलंही नसेल. मला ते पटलं, कारण मी जे पाहिलं होतं ते त्याच्याशी जुळत होतं. बाबांना पटलं नाही.

माझ्या नणंदेचं औषधांचं दुकान आहे. चाळिशी उलटली तरी घरात तिला बेबी म्हणतात, आणि आता गिऱ्हाइकंही बेबीताई म्हणतात. ती रोज दुपारी दुकान अर्धं लोटून डबा घेऊन यायची.

"वीज कंपनीवाले बाबांचा सत्कार करणार आहेत," ती चप्पल काढता काढता म्हणाली. "झोपले?"

"नाही."

"गोळी दिलीस ना?"

"दिली. उशीच्या अभ्र्यात सापडली. आधीच्याही तिथेच होत्या."

"म्हणजे उशीला शांत झोप लागत असणार." ती खुर्ची सोडून जमिनीवरच बसली. त्या खुर्चीत कोणी बसत नव्हतं. "वहिनी, मी आपली थट्टा करतेय, पण आतून माझं पाणी पाणी झालंय. काल त्यांनी मला आईच्या नावाने हाक मारली. डॉक्टर म्हणतात, रविवारपर्यंत बघू, नाहीतर भरती करून घेऊ. या वयाचा माणूस असा भ्रमातच आत गेला, की तो..." तिने पुढचं गिळलं आणि डब्याचं झाकण उघडायला लागली. ते घट्ट बसलं होतं.

रविवारी स्मरणाची उपासना होती. नव्या पाळकांनी अदबीने विचारलं होतं, बाबा चार शब्द बोलतील का. बाबा हो म्हणाले आणि विषयही त्यांनीच सांगितला: उजेड. या विषयावर ते झोपेतही बोलू शकले असते. पण झोपच नव्हती, आणि बोलणंही येत नव्हतं. पवित्र शास्त्र मांडीवर उघडं ठेवून ते दिवसभर बसत, मधेच मान पडे, क्षणात दचकून उठत, आणि वर दिव्याकडे पाहून तो आहे याची खात्री करून घेत. एका दुपारी मला ते उपासनेचे बूट घालून दारात उभे दिसले. कुठे निघालात विचारलं, तर म्हणाले, "घंटा झाली ना?" घंटा झाली नव्हती. आमच्या घरातून घंटा ऐकूही येत नाही.

मी उंदरांवर काम करते. प्रयोगशाळेच्या तळघरात एक खोली आहे, तिथे महिनोन्महिने उजेड शिरत नाही. ओळीने पिंजरे, प्रत्येक पिंजऱ्यात एक उंदीर आणि एक चाक. उंदीर कधी पळतो आणि कधी झोपतो याची नोंद यंत्र ठेवतं. आम्हाला एवढंच बघायचं असतं, की बाहेरून कुणी दिवस दाखवला नाही तर तो आपला दिवस कसा काढतो. लोकांना वाटतं, तो गोंधळत असेल. तो गोंधळत नाही. त्याचा दिवस त्याच्या आतून चालतो. आपल्या दिवसापेक्षा किंचित आखूड असतो, म्हणून तो रोज थोडा आधी उठतो, पण नेमाने उठतो. गोंधळतो तो अखंड उजेडात ठेवलेला उंदीर. त्याचा दिवस आधी लांबतो, मग तुटतो, आणि मग तुकड्यातुकड्यांनी विखुरतो. थोडं पळणं, थोडी डुलकी, पुन्हा पळणं, कशाचा कशाला मेळ नाही.

बाबांकडे बघून मला ते तुकडे ओळखू येत होते. मी प्रयोगशाळेतून प्रकाशमापक आणला आणि त्यांच्या खोलीतला उजेड मोजला. मोजून करायचं काय ते मला ठाऊक नव्हतं. मोजता येईल अशी घरात तेवढीच गोष्ट होती.

"काय करतेस?" बाबांनी विचारलं.

"उजेड मोजतेय."

"पुरेसा आहे का?"

"जास्त आहे, बाबा. म्हणून झोप लागत नाही. निदान तुमच्या खोलीतला दिवा तरी घालवूया."

"उजेड जास्त कसा असेल?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी डोकं स्वच्छ होतं त्यांचं. "लग्नानंतर पहिल्याच रविवारी तू मला प्रश्न विचारला होतास. सृष्टी घडली तेव्हा उजेड पहिल्या दिवशी झाला, आणि सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी, तर मधले दिवस उजेड कुठून येत होता? आठवतं?"

"आठवतं."

"मी काय म्हणालो?"

"जेवण झाल्यावर सांगतो म्हणालात."

"मग सांगितलं का?"

"नाही."

ते हसल्यासारखे झाले. "त्या दिवशी जेवण चांगलं झालं असणार. उत्तर असं, की तो उजेड सूर्याचा नव्हताच. देव स्वतः जिथे असतो तिथे उजेड असतो. आणि अंधार म्हणजे जिथे तो नाही ती जागा. मिसर देशावर अंधार पडला तो हाताला लागेल इतका दाट. वधस्तंभाच्या वेळी भरदुपारी काळोख झाला. आणि ज्यांना बाहेर काढायचं त्यांना कुठे टाकतात? बाहेरच्या अंधारात. सगळं आयुष्य मी लोकांना हेच सांगितलं. उजेडात या. अंधारात बसू नका." त्यांनी शास्त्राच्या पानावर हात फिरवला, जसा लोक टेबलावरची धूळ पुसताना फिरवतात. "संध्याकाळ होत होती. त्याच्या छातीत दुखायला लागलं. दिवा लावायला उठता आलं नाही त्याला. हाकही मारली असेल. मी इथे, या भिंतीच्या अलीकडे, घोरत होतो. अंधार वाढत गेला आणि तो त्यात बसून राहिला. माझा मुलगा अंधारात गेला. आणि तू म्हणतेस दिवा घालव."

मी प्रकाशमापक बंद केला.

ते म्हणत होते तसं झालं नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. मला एकटीलाच माहीत होतं. दिवा लावायचा राहिला नव्हता. तो लावलेला होता, आणि माझ्या नवऱ्याने उठून घालवला होता. रोज घालवायचा. मी यायच्या वेळी.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी कामावरून आले ती डोळे चोळत. उंदरांच्या भुशाची धूळ गेली होती डोळ्यांत. त्याला वाटलं, दिवसभर अंधाऱ्या खोलीत काम करून आलेल्या माणसाला दिवा सहन होत नसणार. काही न विचारता त्याने हॉलमधला दिवा घालवला. खरं म्हणजे तळघरातून बाहेर पडलं की पायऱ्या चढेपर्यंतच डोळे उजेडाला सरावतात. शिवाय मी घरी येते ती दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यावरूनच. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या दिवशी आम्ही दोघं अंधारात बसलो, त्याने मला चहाचा कप हातात दिला, आणि मी ते वाक्य बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही दिवा घालवलेला होता. मग ते तसंच चाललं. रोज फाटकाचा आवाज आला की तो दिवा घालवायचा आणि खुर्चीत जाऊन बसायचा, आणि मी बिनकामाच्या अंधारात शिरायचे. आमचं बरंचसं बोलणं त्या वेळात झालं. दिव्याखाली आमच्याकडे बोलायला फारसं काही नसायचं.

त्या संध्याकाळीही गॅसवर चहाचं आधण होतं. पाणी अजून आटलं नव्हतं. म्हणजे तो चालता-फिरता होता, त्याने आधण ठेवलं, दिवा घालवला, खुर्चीत बसला, आणि मी दार ढकलायच्या आत संपलं. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं ते यामुळे.

हे बाबांना सांगायला हवं होतं. ते सांगायचं तर त्याचा तो गैरसमजही सांगावा लागला असता, आणि आमच्या दोघांची म्हणावी अशी तिसऱ्या कुणाला ठाऊक नसलेली तेवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं घरात सगळ्यांचं होतं. त्याचे कपडे बेबीने वाटून टाकले होते, हत्यारांची पेटी त्याच्या सोबत्याने नेली होती, त्याच्या लहानपणाच्या गोष्टी बाबांकडे होत्या. मी प्रकाशमापक पिशवीत ठेवला आणि जेवण गरम करायला गेले.

शुक्रवारी बेबीच्या दुकानात तपासणी होती. बाबांजवळ दुपारी बसणाऱ्या शेजारणीला ताप आला. घरी एकटं ठेवायची सोय नव्हती. दोन दिवसांपूर्वी त्यांनी गॅस चालू ठेवून वर रिकामं पातेलं ठेवलं होतं. आणि माझ्या उंदरांना पाणी घालायला दुसरं कोणी नव्हतं. मी बाबांना बरोबर घेतलं.

प्राणिगृह सांभाळणारे मामा दारातच होते. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर आहे, पण प्रमुखांपासून सगळे त्यांना मामाच म्हणतात, भाचे त्यांचे उंदीर.

"मॅडम, बाहेरच्या माणसाला आत न्यायचा नियम नाही," मामा म्हणाले.

"इथे बसवू तुमच्यापाशी?"

मामांनी बाबांकडे पाहिलं. बाबा त्यांच्या मागच्या ट्यूबलाइटकडे पाहत होते, आणि एक पाय परत जिन्याकडे वळला होता. "माझ्यापाशी कसे थांबतील? मी खाली-वर करत असतो. तुमच्याबरोबर राहू द्या. न न्यायचा तरी नियम कुठे लिहिलाय म्हणा." मग बाबांना म्हणाले, "आजोबा, खिशात बॅटरी, काडेपेटी, मोबाइल? सगळं इथे काढा. घड्याळसुद्धा. त्याचे काटे चमकतात. एवढ्याशा उजेडाने मॅडमचं सगळं वर्ष वाया जातं."

"एवढ्याशा?" बाबा म्हणाले.

"एवढ्याशा. हे लोक उजेडाच्या बाबतीत फार नाजूक आहेत."

बाबांनी घड्याळ काढून दिलं. मी सांगितलं, आत लाल दिवा आहे, फार मंद, तो उंदरांना जवळजवळ दिसत नाही, तुम्हालाही आधी दिसणार नाही. भिऊ नका, थोडं थांबलं की दिसतं. त्यांनी माझा दंड धरला. आम्ही पहिल्या दारातून मधल्या चिंचोळ्या जागेत गेलो, दार मागे लावलं, काळा पडदा सारला आणि दुसरं दार उघडलं.

आत भुशाचा आणि मुताचा वास असतो, आणि चाकांचा आवाज. सगळी चाकं एकदम फिरत नाहीत. कुठलं तरी सुरू होतं, कुठलं तरी थांबतं. मी बाबांना भिंतीशी स्टुलावर बसवलं. त्यांनी दंड सोडला नाही, म्हणून मी त्यांच्या शेजारी उकिडवी बसले.

"मला काही दिसत नाहीये," ते म्हणाले.

"दिसेल. डोळ्यांना वेळ लागतो."

"हे काय फिरतंय?"

"चाकं. उंदीर पळतायत."

"कुठे?"

"कुठेच नाही. जागच्या जागी."

ते थोडा वेळ ऐकत राहिले. त्यांचा श्वास जोरात चालला होता. मला वाटलं, ते उठतील, आणि मी त्यांना बाहेर नेईन, आणि आजचं पाणी घालायचं काम मामांना सांगेन. असा विचार मी शांतपणे करत होते. तेव्हा मी सगळेच विचार शांतपणे करत होते.

"त्यालाही शेवटी असंच दिसलं असेल का?" बाबा म्हणाले. "म्हणजे, काहीच नाही?"

"नाही," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

मग मी सांगितलं. समोर चेहरा नव्हता, त्यामुळे प्रयोग समजावून सांगते तसं सांगता आलं, आधी काय, मग काय. हॉलमधल्या दिव्याचं बटण दाराशी आहे. खुर्ची खिडकीशी. गॅसवर आधण होतं, भांडं भरलेलं होतं. दिवा त्यानेच घालवला होता. फाटकाचा आवाज आला की तो रोज घालवायचा, कारण त्याला वाटायचं की मला त्रास होतो. म्हणजे मी फाटकाशी होते तोपर्यंत तो धडधाकट होता. तो अंधारात अडकला नव्हता, बाबा. तो अंधार करून बसला होता. फाटकापासून दारापर्यंत माझी जेवढी पावलं, तेवढाच काय तो वेळ.

कोपऱ्यातलं एक चाक जोरात सुरू झालं होतं.

"मला वाटायचं, हा वीज वाचवतो," ते म्हणाले.

"नाही."

"मी त्याला एकदा टोचूनही बोललो होतो. म्हटलं, लिफ्टवाल्याला इतका कंजूषपणा बरा नाही. हसला नुसता." थांबून त्यांनी विचारलं, "आणि तुला होतो का त्रास? दिव्याचा?"

"नाही. कधीच नव्हता."

"मग त्याला सांगितलं का नाहीस?"

मी उत्तर दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पाळक म्हणून त्यांनी खूप घरांतली भांडणं आणि खूप घरांतल्या शांतता बघितल्या असणार. त्यांची माझ्या दंडावरची पकड थोडी सैल झाली.

"आता दिसतंय," ते म्हणाले. "तो लाल ठिपका. आणि तुझं डोकं."

"हो."

"तो ठिपका घालवता येतो का?"

येतो. काम नसेल तेव्हा आम्ही घालवतोच. मी उठून तो घालवला आणि हाताने भिंत चाचपत परत आले. आता खरोखरच काही दिसत नव्हतं, आणि कितीही थांबलं तरी दिसणार नव्हतं. असा अंधार बाहेर कुठे मिळत नाही. रात्रीही मिळत नाही.

"मोशे देवाला भेटायला डोंगरावर गेला तेव्हा लोक लांब उभे राहिले," बाबा म्हणाले. आवाज उपदेशाचा नव्हता, स्वतःशी हिशेब लावल्यासारखा होता. "डोंगरावर दाट काळोख होता. आणि तिथे लिहिलंय, की देव त्या काळोखात होता. मोशे त्यात शिरला. यावर मी कधी बोललो नाही. मंडळीला आधी सांगायचं अंधारात बसू नका, आणि मग सांगायचं देव तिथेच होता, तर लोक बुचकळ्यात पडतात. म्हणून मी ते पान वाचायचो आणि पुढे जायचो." ते हलले तेव्हा स्टूल करकरलं. "आत जाताना त्याने दिवा नेला असं कुठे लिहिलेलं नाही. मी आत्ता आठवून बघितलं. नाही लिहिलेलं."

मला यातलं कळत नाही. देव कुठे असतो याची माझ्याकडे नोंद नाही. मी एवढंच सांगू शकते, की थोड्या वेळाने त्यांचा हात माझ्या दंडावरून घसरला, डोकं भिंतीला टेकलं आणि श्वास संथ झाला. झोपलेल्या माणसाचा श्वास कसा असतो ते मला माहीत आहे. मी तो ऐकत बसले. लाल दिवा लावून पाणी घालायला हवं होतं, पण उठले असते तर स्टूल हललं असतं.

बाहेरून मामांनी दारावर टकटक केलं. आमच्याकडे आधी विचारल्याशिवाय दार उघडत नाहीत. "मॅडम, ठीक आहे ना? जेवायची वेळ होऊन गेली."

"ठीक आहे," मी हळू आवाजात म्हणाले.

"आजोबा?"

"झोपलेत."

"त्यांची झोप प्रयोगात धरू नका म्हणजे झालं," मामा म्हणाले आणि गेले. आम्ही बाहेर आलो तेव्हा दुपार कलली होती. मामांनी बाबांना घड्याळ परत दिलं. ते त्यांनी मनगटावर बांधलं, पण त्यात पाहिलं नाही.

घरी आल्यावर बाबा जेवले. ताट स्वतः विसळलं. मग आपल्या खोलीत गेले आणि तिथला दिवा घालवला. मग बाहेर येऊन बोळातला, न्हाणीघरातला, माझ्या खोलीतला. स्वयंपाकघरात मी भांडी घासत होते, तो तसाच ठेवला. हॉलमधल्या दिव्यापाशी ते उभे राहिले, बटणावर बोट ठेवलं, आणि काढून घेतलं.

"हा तुझा," ते म्हणाले. "तुला हवं ते कर."

"बरं."

"आणि बेबीला सांग, रविवारी मी बोलणार नाही. मोशेचं ते तेवढं वाचेन आणि खाली बसेन."

"मंडळी बुचकळ्यात पडेल."

"पडू दे." दोन पावलं जाऊन ते मागे वळले. "तू रडलीस का गं? इतक्या दिवसांत?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, डॉक्टर हलवतात तशी, आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

बेबी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ झाली होती. रस्त्यावरून तिला हॉल सोडून आमच्या बाकीच्या खिडक्या काळ्या दिसल्या असणार, कारण ती जिना पळत चढली आणि दारातच धापा टाकत उभी राहिली.

"दिवे कशाने गेले? काय झालं? बाबा कुठेत?"

"गेले नाहीत. घालवलेत. बाबा झोपलेत. हळू बोल."

"गोळी घेतली?"

"नाही."

तिने बाबांच्या दाराला कान लावला. आतून घोरण्याचा आवाज येत होता, मोठा, मधेच अडकणारा. लहानपणी ती आणि तिचा भाऊ या घोरण्याची नक्कल करून मार खायचे, असं तिने मला मागे सांगितलं होतं. ती दाराला कान लावून उभी राहिली, उभी राहिली, आणि मग तिथेच भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि रडायला लागली. तोंडावर पदर धरून, आवाज न करता. मी तिच्याजवळ बसले आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. हात पाठीवर आहे हे मला दिसत होतं.

"कसं काय झोपले?" तिने जरा वेळाने विचारलं.

"मी त्यांना एक गोष्ट सांगितली."

"कसली?"

"सांगते. आधी डोळे पूस."

तिने पुसले. ते सुजून लाल झाले होते. तिने वर पाहिलं आणि लगेच कपाळावर हात धरला. "वहिनी, तो दिवा घालव ना. डोळ्यांवर येतोय."

मी उठले. दाराशी गेले आणि बटण दाबलं. खिडकीतून रस्त्याचा थोडासा उजेड येत होता, पण जमिनीपर्यंत पोचत नव्हता. दारापासून खुर्चीपर्यंत मी अंधारात चालत गेले. तो हे अंतर रोज चालायचा. मी कधी चालले नव्हते, मी येईपर्यंत तो बसलेला असायचा. अंतर फार नव्हतं. बेबीने येताना मधे कुठे तरी ठेवलेल्या डब्याच्या पिशवीवर माझी नडगी जोरात आपटली.

"लागलं का?" बेबीने अंधारातून कुजबुजत विचारलं.

मी खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिले. नडगी ठणकत होती.

"हो," मी म्हणाले.